खाडीत धुतलेला चिरा

मित्रांनो, आमच्या गावच्या शाळेमागे, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेच्या कडेला दगडांचा एक मोठा ढीग आहे. त्यात खालून तिसऱ्या थरात, डाव्या टोकाला जो आहे तो मी. जांभ्या दगडाचा चिरा. वय वर्षे एकाहत्तर. रंग मूळचा तांबडा, आता सांगण्यासारखा राहिलेला नाही. उद्या सकाळी जेसीबी येणार आहे, म्हणून आज बोलून घेतो. एरवी मी बोलणाऱ्यातला नव्हे. भिंतीत राहणाऱ्याने नुसतं ऐकायचं असतं, आणि ते काम मी चोख केलेलं आहे.

माझी भाषा ऐकून तुम्हाला नवल वाटेल. सगळा गाव मालवणी बोलतो आणि हा दगड असा पुस्तकातल्यासारखा कसा बोलतो? अहो, चौथीच्या वर्गाच्या भिंतीत सत्तर वर्षं काढली आहेत मी! तेच धडे सत्तर वेळा ऐकले. फळ्यावरचं गणित चुकलं, तर ते गुरुजींच्या आधी मला कळायचं. सांगणार कोणाला, म्हणून गप्प राहायचो.

माझा जन्म पलीकडच्या गावच्या सड्यावर झाला. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ. तेव्हा दगड कापायची यंत्रं नव्हती. परशुराम नावाचा एक पाथरवट कुदळीने चर खणायचा आणि पहारीने एकेक चिरा उचकटून काढायचा. ताजा चिरा मऊ असतो, नखानेसुद्धा ओरखडा उठतो. त्याला ऊन-वारा लागू द्यावा लागतो, मग तो कडक होतो. परशुरामाने मला चारी बाजूंनी तासलं, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाला, "ह्यो चिरो बरो गावलो हां!" आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक. त्यानंतर बैलगाडीतून खाडीवर आणि होडीतून या गावात आलो. गावच्या शिक्षण संस्थेची शाळा बांधायची होती. गावातल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी तेव्हा दगड वाहायला आलं होतं. मला चौथीच्या वर्गात, खिडकीच्या शेजारी, बसलेल्या मुलाची पाठ टेकेल इतक्या उंचीवर बसवलं.

मला टेकून किती पाठी बसल्या, त्याचा हिशेब नाही. त्यातल्या दोघींचं सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांचीच आहे. पहिली सुगंधा. आता साठीला आली. चौथीत होती तेव्हा तिचं अक्षर असं वळणदार, की गुरुजी तिची पाटी वर्गभर फिरवायचे. चौथीनंतर तिची शाळा सुटली, कारण सड्याच्या पायथ्याशी असलेल्या काजूच्या बागेत घरच्यांना हात हवे होते. दुसरी फेबी. सुगंधाच्या नंतर तीस वर्षांनी आली. फेबी लोबो, चर्चच्या वाटेवरच्या लोबोंची धाकटी. महाद्वाड! माझ्या अंगावरचा चुना नखाने खरवडून खायची. बाईंनी दोनदा कान पिळला, तिसऱ्यांदा घरी चिठ्ठी धाडली, तरी खायची ती खायचीच. मला काही राग नव्हता. कोणी आपला चुना आवडीने खातंय, हेही एक प्रकारचं कौतुकच की.

मग दिवस फिरले. छपराच्या वाशांना वाळवी लागली, कौलं घसरली, तिसरीच्या वर्गाची एक भिंत पोटातून फुगली. मुलं कमी झाली आणि जी उरली ती गळणाऱ्या छपराखाली बालद्या ठेवून बसू लागली. आमच्याकडे कोणी बघेना. शेवटी संस्थेच्या लोकांनी ठरवलं, की जुनी इमारत पाडायची आणि नवीन बांधायची. नकाशे आणि कंत्राटाचे कागद करायचं काम फेबीकडे आलं. ती आता इंजिनिअर झाली होती. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! चुना खाऊन मोठी झालेली पोर, ती आपलं वाईट कसं करील?

आमच्याकडे जुनं बांधकाम पाडलं की काय करतात, ते तुम्हाला माहीत असेल. चांगला, खणखणीत वाजणारा चिरासुद्धा ढिगाऱ्यात जातो आणि ढिगारा कुठल्यातरी खड्ड्यात. नव्या भिंतीसाठी नवा चिरा येतो, आणि तो येतो सड्यावरून. या वेळी तो कुठून येणार, तेही ठरून गेलं होतं. कंत्राटदार चंदन याने गावाच्या वरच्या सड्यावर एक जागा बघून ठेवली होती. त्या जागेच्या बरोबर खाली सुगंधाची बाग. सड्याच्या कातळात मुरलेलं पाणी तिच्या बागेत झऱ्याने बाहेर येतं, आणि तिथून एका नळीने वाडीतल्या अकरा घरांना जातं. खालची बाव, म्हणजे विहीर, खाडीच्या जवळ, तिचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. म्हणजे त्या अकरा घरांचं प्यायचं पाणी काय ते एवढंच.

संस्थेची सभा चौथीच्या वर्गात भरली, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं. सुगंधा संस्थेची सभासद नव्हती. तरी आली आणि दारातच उभी राहिली.

"थंय खाण घातल्यात तर माझो झरो मरतलो," ती म्हणाली. "मगे अकरा घरा काय पितली?"

संस्थेचे अध्यक्ष हरिश्चंद्र सर. याच शाळेचे जुने मुख्याध्यापक, सरळ माणूस. त्यांनी फेबीकडे बघितलं. फेबी उठली आणि तिने आपल्या कागदातलं सव्विसावं कलम वाचून दाखवलं. ते मला पाठ आहे. "जुन्या इमारतीतून निघालेले चांगले चिरे साफ करून, स्वच्छ धुऊन, प्रयोगशाळेत तपासून नवीन इमारतीच्या जोत्यात व भिंतींत वापरावेत. तपासणीत नापास झाल्यास त्याच मापाचे नवीन चिरे आणावेत."

"म्हणजे खाण नको?" सुगंधाने विचारलं.

"खाण कित्याक व्हयी, काकी? चिरे हंय आसत मां!" असं म्हणून फेबीने भिंतीवर थाप मारली. ती नेमकी माझ्यावर बसली.

चंदनसुद्धा हसून म्हणाला, "माका काय, जुनो तर जुनो. तेवढोच माझो सड्यार जावचो तरास वाचलो." खोटं कशाला बोलू, तो वाईट माणूस नव्हता. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुगंधा जाताना फेबीच्या गालावरून हात फिरवून गेली. आणि मी? मला तर भिंतीतच उभ्या उभ्या नाचावंसं वाटलं. मेल्यावर पुन्हा जगायला मिळणार, हे किती जणांच्या नशिबात असतं?

परीक्षा संपल्या आणि एप्रिलच्या मध्यावर आम्हाला उतरवायला सुरुवात झाली. ते काम दत्ताराम गवंड्याचं. चाळीस वर्षं चिऱ्यात काढलेला माणूस. त्याने पहिल्या दिवशी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं, की हे बाबा, ही वास्तू आम्ही मोडत नाही, नुसती हलवतोय, सांभाळून घे. मग वरच्या थरापासून एकेक चिरा काढला. प्रत्येकाचा जुना चुना तासून काढायचा, हातोडीच्या दांड्याने टकटक करायची आणि कान लावायचा. खणखणीत वाजला तर उजवीकडे, बद्द वाजला तर डावीकडे. माझी पाळी आली तेव्हा माझी नुसती घाबरगुंडी उडाली. सत्तर वर्षांत खिळे ठोकलेले, नकाशे टांगलेले, कोपरा जरा उडालेला. दत्तारामाने टकटक केली. मी असा वाजलो, असा वाजलो, की तो स्वतःच म्हणाला, "वा रे पठ्ठ्या!" आणि मी उजवीकडे गेलो. साडेचार हजारांपैकी एकोणचाळीसशे जण उजवीकडे गेलो. तेवढ्यात नवीन शाळेचं सगळं काम भागणार होतं.

आता राहिलं धुणं. आणि मित्रांनो, इथेच घात झाला.

एप्रिलअखेर आमच्याकडे पाण्याची काय दशा असते, ते किनाऱ्यावर राहणाऱ्यालाच माहीत. शाळेजवळची बाव तळाला गेलेली. दत्ताराम सुगंधाला विचारायला गेला नाही, तीच कामावर डोकावायला आली होती. रोज यायची. आमचे उजवीकडचे थर वाढताना बघून तिला बरं वाटायचं.

"सुगंधा, धुवूक पाणी व्हया गो," दत्ताराम म्हणाला. "तुझ्या झऱ्याची नळी दोन दिस हंय फिरवलस तर होतला काम."

"येडो झालंस काय रे?" सुगंधा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "अकरा घरांची तोंडा आसत त्या पाण्यार. ह्या दिसांत दगड धुवूक घालू गोडा पाणी? आणि खाडी काय आटली? न्हेवन बुडवा खाडयेत सगळे! आमी जाळी धुतो, होडये धुतो, गोधडये धुतो थंय. तुझ्या चिऱ्यांका काय झाला?"

दत्तारामाने कपाळावर हात मारला. "खरा गो तुझा. माझ्या डोक्यातच नाय इला."

यात चुकलं काय, असं तुम्ही म्हणाल, आणि मीसुद्धा तेव्हा तेच म्हणालो असतो. आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या धुवायचं ते खाडीत आणि प्यायचं ते झऱ्याचं. भर उन्हाळ्यात गोड्या पाण्याने दगड धुतले असते, तर गावाने दत्तारामाच्या नावाने बोटं मोडली असती. कागदावर लिहिलं होतं "स्वच्छ धुऊन". कशाने, ते लिहिलेलं नव्हतं. फेबीच्या मनात गोडं पाणीच होतं. पाणी म्हणजे गोडंच, ते वेगळं काय लिहायचं, असं तिला वाटलं असणार. त्या आठवड्यात ती दोडामार्गला दुसऱ्या कामावर होती. तिने फोन करून विचारलं, "मेस्त्री, स्वच्छ धुतल्यात मां?" दत्ताराम म्हणाला, "लख्ख!" ती म्हणाली, "शाबास!" आणि फोन ठेवला.

मला तर मजा आली, खरंच सांगतो. सत्तर वर्षांनी अंगभर पाणी! भरतीच्या वेळी आम्हाला काठावर मांडलं, अंगावरून पाणी गेलं, बायांनी काथ्याने खसाखसा घासलं. जांभ्याच्या अंगाला भोकंच भोकं असतात. मी पोटभर प्यालो, आणि पाण्यासोबत मीठही प्यालो. ते मला कळलं नाही. कळलं असतं तरी ओरडता आलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

आठ दिवस उन्हात वाळलो आणि अंगावर पांढरं फुटू लागलं. दत्तारामाला वाटलं, जुना चुना बाहेर येतोय. तपासणीसाठी बारा चिरे नेले. बाराच्या बारा नापास. अंगात क्षार प्रमाणाबाहेर. भिंतीत घातले तर गिलावा सुटणार, शेजारच्या सिमेंटमधल्या सळया गंजणार. फेबी तो कागद घेऊन धावत आली. ढिगापाशी आली, माझ्यावरचं पांढरं नखाने खरवडलं, आणि दत्तारामाकडे वळली.

"मेस्त्री, खंय धुतल्यात चिरे?"

"खाडयेत," दत्ताराम म्हणाला. म्हणताना त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. "देवा रे! चुन्यात खाडयेचा पाणी घालू नये, ह्या माका चाळीस वर्सा म्हायत आसा. धुवूक न्हेलंय तेवा माझी अक्कल खंय चरूक गेल्ली? सुगंधा म्हणाली आणि मी..."

"गप," फेबी म्हणाली. "काकीक ह्या सांगू नको. कधीच सांगू नको. लिवचा काम माझा होता. एक शब्द जास्त लिवलंय असतंय तर ह्या झाला नसता."

दत्तारामाने माझ्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "बाय, येक पावस खावंदे ह्येंका. चार म्हयने गोड्या पाण्यात भिजले काय मीठ खंय रवता? मगे परत तपासून घे."

तो बरोबर बोलत होता. फेबीला ते पटलं. ती त्याच दिवशी संस्थेच्या सभेत गेली. सभा आता बांधकामाच्या शेडमध्ये भरत होती, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिने हात जोडून सांगितलं, "सर, चार महिने थांबा. चिरे चांगलेच आहेत, फक्त मीठ धुऊन जाऊ दे."

हरिश्चंद्र सरांनी चष्मा पुसला. "बाळ, मुलं कुठे बसवू? अर्धी देवळाच्या मंडपात बसणार, अर्धी चर्चच्या हॉलमध्ये. जोतं पावसाआधी झालं नाही, तर वर्ष वाया जाईल. आणि तुझंच कलम आहे ना?" त्यांनी कागद उघडून सव्विसावं कलम मोठ्याने वाचलं. "नापास झाल्यास नवीन आणावेत. थांबावं असं कुठे लिहिलंय?"

 फेबी सुगंधाच्या झऱ्याबद्दल पुष्कळ बोलली, अगदी रडकुंडीला येऊन बोलली. सरांनाही वाईट वाटलं, ते मी बघितलं. पण समोर पासष्ट मुलं आणि हातात सही केलेला कागद. त्यांनी चंदनला नवीन चिरे आणायची परवानगी दिली. चंदन जाताना फेबीला म्हणाला, "मॅडम, माझ्यार राग धरू नको. माका कागद सांगता ता मी करतंय." आणि तेही खरंच होतं.

सड्यावर दोन यंत्रं चढली. त्यांचा आवाज इथवर यायचा, दिवसभर दातांवर दात घासल्यासारखा. पाऊस पडायच्या आत लागतील तेवढे चिरे काढून घ्यायचे होते, म्हणून एक दिवस खाडा नाही. तीन आठवड्यांत काम उरकलं. ताजे, मऊ, सारख्या मापाचे चिरे ट्रकने आमच्यासमोर येऊन पडले. त्यांचा तरी काय दोष? पोरंच ती.

त्या दिवसांत सुगंधा एकदा आली. डोळे सुजलेले. तिने फेबीला विचारलं, "आमचे चिरे नापास कित्याक झाले गो? दत्ताराम म्हणालो, खणखणीत वाजतत."

फेबी तिच्याकडे न बघता म्हणाली, "जुने झाले ते, काकी."

मला जुना, टाकाऊ म्हटलेलं अजिबात खपत नाही. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी कोपऱ्याने त्याचा अंगठा फोडला असता. पण फेबी तसं का बोलली ते मला कळत होतं, म्हणून गिळलं.

मग पाऊस आला आणि चार महिने आमच्यावर पडत राहिला. कोणी आम्हाला झाकलं नाही, आणि तेच आमच्या पथ्यावर पडलं. अंगातलं मीठ थोडं थोडं करून खाली उतरत गेलं. मला हलकं वाटू लागलं. आणि त्या चार महिन्यांत आणि पुढेही वरती सड्यावर काय झालं, ते दत्तारामाच्या बोलण्यातून कळत गेलं. खाणीच्या खड्ड्यात तळं साचलं. श्रावणात झऱ्याचं पाणी तांबडं यायला लागलं. सुगंधा चार पदरी फडक्यातून गाळून घ्यायची. नवरात्रात धार बोटाएवढी झाली. कातळात मुरणाऱ्या पाण्याने वाट बदलली होती. तुळशीचं लग्न झालं आणि झरा थांबला. एवढ्या पावसानंतर, ऐन भरात वाहायच्या दिवसांत! दत्ताराम म्हणाला, सुगंधा चार दिवस त्या कोरड्या नळीखाली कळशी मांडून बसत होती, कोणी उठवलं तरी उठत नव्हती. काजूची कलमं उन्हाळ्यात जगतील की नाही, ते आता सांगता येत नाही. अकरा घरांना एक दिवसाआड टँकर येतो. तो शाळेजवळ, आमच्या ढिगापाशीच थांबतो, कारण वाडीपर्यंत मोठी गाडी जात नाही.

फेबी मात्र आम्हाला विसरली नव्हती. पावसानंतर तिने पुन्हा बारा चिरे तपासणीला धाडले. शाळा तर बांधून झाली होती, वर रंगसुद्धा चढला होता. तरी धाडले. निदान ढीग कुठल्या खड्ड्यात जाऊ नये, कोणाच्या तरी जोत्यात लागावा, एवढंच तिच्या मनात असणार. नाताळ आठवड्यावर आला असताना कागद आला. ती तो घेऊन दुपारी इथे आली. दत्तारामही होता. टँकरची वाट बघत सुगंधा कळशी घेऊन आमच्यावरच बसली होती.

"मेस्त्री, पास झाले!" फेबी लांबूनच ओरडली. तिच्या आवाजात कितीतरी महिन्यांनी आनंद होता, आणि आनंदात माणसाला भान राहत नाही. "बाराच्या बारा! मीठ रवलाच नाय त्येंच्यात!"

सुगंधाने मान वर केली. "मीठ?"

फेबी जागच्या जागी थांबली.

"चिऱ्यात मीठ खंयसून येतला?" सुगंधाने विचारलं. आधी फेबीकडे बघितलं, मग दत्तारामाकडे. दत्तारामाने मान फिरवली आणि तो खाडीकडे बघू लागला. सुगंधाही तिकडे बघू लागली. ओहोटी होती. जिथे आम्हाला मांडून घासलं होतं, तो काठ उघडा पडला होता.

"खाडयेत," ती म्हणाली. "मीच सांगलंय. न्हेवन खाडयेत बुडवा म्हणान."

"काकी, तुझी चूक नाय. मी कागदार लिवक व्हया होता. माझी चूक ती."

सुगंधाने तिचं ऐकलंच नाही. ती रडली नाही, ओरडली नाही. अगदी हळू आवाजात, आपल्या आपल्याशी बोलल्यासारखं म्हणाली, "दोन दिस. दोन दिस नळी हंय फिरवलंय असतंय तर झाला असता सगळा काम. वाडी दोन दिस तानेली रवली असती. दोनच दिस." फेबीने तिचा हात धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला. टँकरचा भोंगा वाजला. सुगंधा उठली, कळशी उचलली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

फेबीने त्यानंतर सगळ्यांना विचारून बघितलं, चिरे घ्या म्हणून. पास झाल्याचा कागद दाखवला. पण गावात आमचं नाव 'नापास चिरे' पडलं ते पडलं. घर बांधणारा कोणी घ्यायला तयार नाही. दत्तारामाने स्वतःच्या पडवीसाठी साठ जण नेले, त्यात माझा नंबर लागला नाही. करारात लिहिलं आहे, की नापास सामान कंत्राटदाराने हलवावं आणि जागा मोकळी करून द्यावी. पुन्हा पास झालं तर काय करावं, ते लिहिलेलं नाही. उद्या आम्हाला फोडून खाडीच्या वाटेवरच्या भरावात टाकणार आहेत. मी खणखणीत वाजतो अजून. पण आता टकटक करून कान लावणारं कोणी नाही.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी जुन्या वस्तू जपा म्हणून सांगतात. मी ते सांगणार नाही. आम्हाला जपायचं, हे सगळ्यांना पटलंच होतं. सभेत एकानेही विरोध केला नव्हता. तुम्ही मोठे व्हाल, एखाद्या दिवशी असा कागद तुमच्या हातात येईल. तेव्हा जुना माल वापरा एवढंच लिहून पेन खाली ठेवू नका. कोणी उतरवायचा, कशाने धुवायचा, कुठे ठेवायचा, बिघडला तर किती दिवस थांबायचं, ते लिहा. ज्याच्या घरचं पाणी त्यावर अवलंबून आहे त्याला शेजारी बसवून लिहा. तुम्ही लिहाल असं मला वाटत नाही. फेबीसारखी जीव लावणारी पोर जिथे विसरली, तिथे बाकीच्यांचं काय? आणि लिहिलंत तरी आमच्या सड्यातला झरा त्याने परत येणार नाही.

एक काम मात्र तुमच्याकडून होण्यासारखं आहे. सुगंधा आता टँकरच्या रांगेत कोणाशी बोलत नाही. बायका विचारतात, तर म्हणते, "माझो झरो मीच मारलंय." ढिगाजवळून जाताना तोंड फिरवते. मी तिला चौथीपासून ओळखतो. उन्हाळ्यात प्यायचं पाणी दगडांवर ओतायचं नाही, एवढंच तिने सांगितलं, आणि आमच्या गावात कोणत्याही शहाण्या बाईने तेच सांगितलं असतं. हे तिला सांगायचं होतं, पण मला तोंड नाही आणि उद्यापासून मी भरावात. तुम्ही कधी आमच्या गावात आलात, तर सड्याच्या पायथ्याशी तिचं घर आहे, कोणीही दाखवील. तिथे जा आणि तिला सांगा. ती मानणार नाही. तरी सांगा.